श्वसनरोग आणि प्रायोगिक प्राणी
लेखांक ४ : क्षयरोग, गिनी पिग आणि वॉर्डातली हवा

सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये उभारलेले बेल-एअर आरोग्यधाम आणि सांगली-मिरजेच्या दरम्यान, मिरजेचे मिशनरी डॉक्टर सर विल्यम वॉन्लेस यांचे नाव धारण करणाऱ्या वानलेसवाडीतील क्षयरोग आरोग्यधाम, या दोन्ही संस्था क्षयावर औषध नव्हते त्या काळाची आठवण देतात. विश्रांती, सकस आहार आणि कोरडी मोकळी हवा एवढाच उपचार तेव्हा हाती होता. ही परिस्थिती पालटण्यात प्रयोगशाळेतील ज्या प्राण्यांचा वाटा मोठा आहे, त्यांत पहिला मान गिनी पिगचा.

ज्या प्राण्यात माणसाच्या रोगाचा एखादा ठरावीक पैलू पुन्हा घडवून अभ्यासता येतो, त्याला त्या रोगाचे प्राणी-प्रतिरूप म्हणतात. गिनी पिगला क्षयाचे मोजके जंतूही पुरतात, म्हणूनच रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर करताना त्याच्यावरील प्रयोगांचा आधार घेतला. पुढे अनेक दशके निदानासाठीही हाच प्राणी वापरला गेला. रुग्णाचा कफ किंवा छातीतील पाणी त्याच्या मांडीत टोचले जाई आणि सुमारे सहा आठवड्यांनी शवविच्छेदन करून जांघेतील ग्रंथी सुजल्या आहेत का, प्लीहा व यकृत यांवर पिवळसर गाठी उठल्या आहेत का, हे पाहिले जाई. स्ट्रेप्टोमायसिन क्षयाला आवर घालते, हेही अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फेल्डमन आणि हिन्शॉ यांनी १९४४ च्या सुमारास प्रथम गिनी पिगवरच दाखवले.

क्षय नेमका पसरतो कसा, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोर येथे मिळाले. विल्यम वेल्स यांचे म्हणणे असे, की खोकल्यातून उडालेल्या थेंबांतील पाणी वाळून गेल्यावर जंतूसह उरणारे अतिसूक्ष्म कण हवेत दीर्घकाळ तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचतात. ते तपासण्यासाठी रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या एका लहान वॉर्डातील हवा नळांतून गिनी पिगच्या पिंजऱ्यांकडे वळवली. रुग्णांशी कसलाही संपर्क नसताना या प्राण्यांना क्षय झाला. मात्र ज्या गटाला तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन दिली, तो गट निरोगी राहिला. रुग्णालयातील खिडक्या, झरोके आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था हा संसर्ग रोखण्याचा शास्त्रशुद्ध उपाय आहे, याचा भक्कम पुरावा या प्रयोगाने दिला.

तरीही गिनी पिग प्रत्येक प्रश्नाला पुरत नाही. औषधे किती काळ द्यावीत, हे ठरवण्यासाठी मोठ्या संख्येने पाळता येणारा उंदीर अधिक सोयीचा ठरला. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात मॅक्यून आणि मॅक्डरमॉट यांनी आयसोनियाझिड व पायराझिनामाइड देऊन उंदरांच्या शरीरात जंतू सापडेनासे केले. परंतु औषध थांबवल्यानंतर काही महिन्यांनी त्यांतील अनेकांत क्षय पुन्हा उद्भवला. तपासणीत न दिसणारे जंतू दडून राहू शकतात, हे त्यावरून कळले. बरे वाटू लागले तरी सहा महिन्यांचा औषधक्रम पूर्ण करण्याचा आग्रह डॉक्टर धरतात, त्यामागे हेच कारण आहे. उलटपक्षी, माणसाच्या फुप्फुसात गाठींचा मध्यभाग मरून चीजसारखा मऊ होतो आणि तेथे पोकळी पडते, तशी विकृती नेहमीच्या प्रयोगशाळेतील उंदरात सहसा आढळत नाही; गाठीच्या आत औषध कितपत पोचते हे पाहायचे, तर उंदरावर विसंबता येत नाही.

म्हणून प्रश्न आधी ठरवावा आणि मग प्राणी निवडावा, हीच या शास्त्राची शिस्त आहे. ती पाळली नाही तर प्राण्याचा जीव व्यर्थ जातो आणि रुग्णाच्या पदरी चुकीचा निष्कर्ष पडतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये कोव्हॅक्सिन लशीच्या चाचणीसाठी २० ऱ्हिसस माकडे का निवडली, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.