शाळेत पिक्चर दाखवला, पण खरं काम तर लाइट लागल्यावर सुरू होतं

शाळेत पिक्चर दाखवणार म्हटलं की तास बुडाला म्हणून पोरं खूश. पण शाळेतली समुपदेशक ताई किंवा समाजकार्यकर्ता पिक्चर लावतो, तेव्हा त्याला मुलांना बोलतं करायचं असतं.

त्यासाठी पिक्चरच का?

आठ वर्षांच्या मुलाला समोर बसवून विचारा, ‘तुला कुणी त्रास देतं का?’ बऱ्याचदा तो नुसती मान हलवेल. पण ‘पिक्चरमधल्या त्या मुलीला काय वाटलं असेल?’ असं विचारलं की तोच मुलगा बोलायला लागतो. कारण बोलणं आता त्याच्याबद्दल नसतं, पात्राबद्दल असतं. त्या आडोशाने मूल मनातलं सांगू शकतं.

कोणते पिक्चर?

चाइल्डलाइनची ‘कोमल’ ही छोटी ॲनिमेशन फिल्म सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श समजावते. त्रास देणारा माणूस ओळखीचाही असू शकतो, हे ती मुलांना कळेल अशा पद्धतीने सांगते. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला ‘आळशी’ म्हणणाऱ्या पालकांसाठी २००७ चा ‘तारे जमीन पर’ आहे. जातीवर बोलायचं तर नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’.

मग लावला पिक्चर की झालं?

नाही, घोळ इथेच होतो. समजा, तुम्ही ‘फँड्री’ लावला आणि जब्याला चिडवतात त्या प्रसंगात सगळा वर्ग वळून एकाच मुलाकडे बघायला लागला. त्या मुलासाठी तो पिक्चर शिक्षाच ठरतो. म्हणून आधी तीन गोष्टी करायच्या.

१. पिक्चर स्वतः पूर्ण बघायचा. वय आणि वर्ग बघूनच निवडायचा.
२. मुलांना विषय आधी सांगायचा. नको वाटलं तर उठून जायची मुभा द्यायची.
३. चर्चेसाठी वेळ राखून ठेवायचा. ‘तुझ्यासोबत असं झालंय का?’ हा प्रश्न वर्गात कधीच विचारायचा नाही.

आणि एखादं मूल नंतर येऊन काही बोललं तर?

आता मुद्द्याचं. ‘कोमल’ बघून एखादी मुलगी मधल्या सुट्टीत येते आणि म्हणते, ‘ताई, माझ्यासोबत पण असं होतं.’ तर शांतपणे ऐका. ‘तुझी काही चूक नाही’ हे सांगा. खोदून खोदून विचारू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर अजिबात देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही.

पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावीच लागते. ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण दाबलं, तर कलम २१ प्रमाणे तो गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलीचं नाव मात्र कुठेही फुटता कामा नये, अगदी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा.

मदतीसाठी १०९८ आहेच. ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. मूल स्वतःही या नंबरवर फोन करू शकतं.

थोडक्यात काय, पिक्चर फक्त दार उघडतो. दारापलीकडे ऐकणारं कुणी उभं नसेल, तर धाडस करून बोललेलं मूल परत गप्प होतं. तुमच्या मुलांच्या शाळेत असा पिक्चर दाखवणार असतील, तर एवढंच विचारा, ‘नंतर मुलांशी कोण बोलणार आहे?’