लहान व्यापारी आणि त्याचे संकेतस्थळ



दुकान चालते ते जागेवर, असा आपल्याकडे जुना समज आहे. तो अगदीच खोटा नाही. परंतु गिऱ्हाईक त्याच दुकानात पुन्हा जाते ह्याचे कारण जागेपेक्षा निराळे असते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाची त्याला ओळख असते. माल खराब निघाला तर कोणाला विचारावयाचे हे त्याला ठाऊक असते. संकेतस्थळ, म्हणजे आपण सर्वजण ज्याला वेबसाइट म्हणतो, ते असे दुकान आहे की जेथे गल्ल्यावर कोणीच बसलेले नाही. गिऱ्हाईक रात्री अकरा वाजता येते, इकडेतिकडे पाहते आणि मनातल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर एक शब्दही न बोलता निघून जाते. तेव्हा संकेतस्थळ सुधारावयाचे म्हणजे गैरहजर दुकानदाराच्या वतीने त्याला नीट बोलावयास शिकवावयाचे. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

प्रथम असा प्रश्न येईल की, मोठमोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन बाजारात माल ठेवता येत असताना लहान व्यापाऱ्याने स्वतःचे संकेतस्थळ कशाला काढावे? त्या बाजारात अवश्य जावे. परंतु तेथे आपण भाडोत्री आहोत हे विसरू नये. तेथे कोणाचा माल वर दिसावा हे कंपनी ठरविते, विक्रीवरील कमिशन ती घेते, आणि गिऱ्हाइकाचा संबंध मुख्यतः तिच्याशीच जडतो. उद्या तिने नियम बदलले तर वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक आपल्याबरोबर येत नाही. संकेतस्थळाची गोष्ट वेगळी आहे. टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९८९ साली ह्या जाळ्याची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुले केले. नावाचे आणि जागेचे वार्षिक शुल्क भरले की येवल्याच्या विणकरालाही तेथे आपली पाटी लावता येते.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊ. कोकणातला एक आंबेवाला आहे असे समजा. तो पुण्या-मुंबईला हापूसच्या पेट्या पाठवितो. त्याच्या संकेतस्थळावर पहिल्याच पानावर बागेचे मोठे चित्र आहे, खाली 'आपले सहर्ष स्वागत असो' असे लिहिले आहे, आणि मग घराण्याचा इतिहास आहे. हे सर्व वाईट नाही. परंतु गिऱ्हाइकाचे प्रश्न कोणते असतात? पेटीत किती डझन? फळ केवढे? भाव काय, आणि त्यात पोचविण्याचा खर्च धरला आहे की नाही? फळ कच्चे येईल की तयार? अक्षय्यतृतीयेच्या आधी मिळेल काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, आंबा कापल्यावर आत साका निघाला तर पुढे काय? साका बाहेरून दिसत नाही, हे प्रत्येक आंबा खाणाऱ्याला ठाऊक आहे. दुकानात हा प्रश्न तोंडी विचारता येतो. संकेतस्थळावर त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते. आठवडाभर फोनवर गिऱ्हाइके जे विचारतात ते एका वहीत टिपून ठेवावे. पहिल्या पानाचा मजकूर त्या वहीतच तयार झालेला असतो.

आता गिऱ्हाईक मुळात तेथे पोचते कसे, ते पाहू. पुष्कळ लोक गूगलसारख्या शोधयंत्रात दोनचार शब्द टाकतात. शोधयंत्र आधीच हिंडून पाने वाचून ठेवते आणि त्या शब्दांशी जुळणारी पाने पुढे करते. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. एक, पानाचे शीर्षक 'मुखपृष्ठ' असे न ठेवता 'देवगड हापूस, पाच डझनांची पेटी, पुण्यात घरपोच' असे ठेवावे. कारण लोक तेच शब्द शोधतात. दुसरी, भावपत्रकाचा फोटो काढून तोच चिकटविण्याची पद्धत सोडावी. अक्षरे चित्रात कोंडली की यंत्राला ती नीट वाचता येतील ह्याचा भरवसा राहत नाही. मराठी मजकुराला तर आणखी एक पथ्य आहे. छापखान्यातील जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर तसाच वापरला तर यंत्राला तो निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. म्हणून तो युनिकोडमध्येच असला पाहिजे.

पोचल्यावर दार लवकर उघडले पाहिजे. येथे थोडे गणित करू. मोबाइलने काढलेला एक फोटो साधारण चार मेगाबाइटांचा धरा. असे बारा फोटो पानावर टाकले तर अठ्ठेचाळीस मेगाबाइट झाले. गिऱ्हाइकाच्या मोबाइलला सेकंदाला आठ मेगाबिट, म्हणजे एक मेगाबाइट, इतकाच वेग मिळत असेल तर सारे पान उतरावयास अठ्ठेचाळीस सेकंद लागतील. तेच फोटो आकाराने लहान करून प्रत्येकी दोनशे किलोबाइटांचे केले तर अडीच सेकंदांच्या आत काम होते, आणि मोबाइलच्या पडद्यावर डोळ्यांना फरक जाणवत नाही. ह्या सुधारणेस पैसा लागत नाही, एक दुपार लागते. त्याचप्रमाणे आपले संकेतस्थळ मालकाने कार्यालयातल्या संगणकावर न तपासता साध्या मोबाइलवर, उन्हात उभे राहून तपासावे. अक्षर वाचता येते काय, आणि फोन क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागतो काय, हे तेथेच कळते.

ह्यानंतर भरवशाचा प्रश्न. काही लोक 'फक्त दोनच पेट्या शिल्लक' अशी खोटी पाटी लावतात, किंवा पैसे भरण्याच्या क्षणी न सांगितलेला आकार जोडतात. अशा युक्त्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली असून त्यांत असे तेरा प्रकार नमूद केले आहेत. त्यापूर्वी २०२० साली ई-व्यापाराचे नियम झाले. विक्रेत्याचे नाव, पत्ता, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा तपशील दाखविणे, अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करणे, हे त्यांत आहे. व्यापाऱ्याला हे जाचक वाटेल. परंतु जरा विचार केला तर दिसेल की, चांगला दुकानदार गल्ल्यावर बसून हेच करीत आला आहे. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची अधिकृत नोंदणी आपल्याकडे असेल तर तिचा क्रमांक द्यावा. फळ आढीत पिकविले असेल तर तसे लिहावे. कार्बाइडने पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, हेही गिऱ्हाइकाला समजू द्यावे.

गिऱ्हाईक आणणे एक आणि टिकविणे दुसरे. एक पेटी घेण्यासाठी खाते उघडा, परवलीचा शब्द ठरवा, जन्मतारीख सांगा, असा आग्रह धरू नये. नाव, पत्ता, फोन आणि पैसे भरण्याची सोय, एवढे पुरे. पेटी निघाली की संदेश जावा. पोचली की 'फळ कसे निघाले?' अशी विचारपूस व्हावी. साका निघाल्याचे कोणी कळविले तर तितकी फळे किंवा त्यांची किंमत वाद न घालता परत करावी. पुढील वर्षी मोसम सुरू होताच, ज्यांनी संमती दिली असेल त्यांना एकच पत्र पाठवावे. रोज सुविचार पाठविणाऱ्याचा क्रमांक लोक बंद करून टाकतात.

शेवटची गोष्ट हिशेबाची. समजा, महिन्यात शंभर माणसे आली, चाळीस जणांनी भाव पाहिला, दहांनी पत्ता भरला आणि तिघांनी पैसे दिले. दहांतले सातजण अगदी दारातून परत फिरले, तेव्हा दोष आंब्यात नाही, पैसे भरण्याच्या पानात शोधावयाचा. एका वेळी एकच बदल करावा आणि महिनाभर आकडे पाहावेत. चार बदल एकदम केले तर गुण कशाचा हे कळत नाही.

आपल्या गावातील लहान दुकाने ह्या नव्या बाजारात टिकतील काय, अशी चिंता पुष्कळांना वाटते, आणि ती अस्थानी नाही. जाहिरातीचा खर्च आणि गोदामांचा विस्तार ह्यांत मोठ्या कंपन्यांशी बरोबरी होणार नाही. परंतु आपल्या मालाची खडान्‌खडा माहिती, दिलेला शब्द आणि गिऱ्हाइकाची ओळख, हे भांडवल लहान व्यापाऱ्याजवळ पूर्वीपासूनच आहे. ते संकेतस्थळावर स्पष्ट मराठीत लिहून काढण्याचे काम तेवढे राहिले आहे, आणि ते उद्या सकाळी दुकान उघडण्यापूर्वी सुरू करता येईल.