एक मिलिमीटरची करामत

रमजान ईदच्या संध्याकाळी मीरा रोडला, नया नगरमधल्या माझ्या माहेरी, शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या आणि नववीतला माझा भाचा खिशातून पत्त्यांचा कॅट काढून दादीसमोर बसला. आमच्या घरात पत्ते कधी आलेच नव्हते. अब्बा हयात असते तर कॅट खिडकीबाहेर गेला असता.

"अस्तगफिरुल्लाह! ईदच्या दिवशी जुगाराचं काय काढलंस?" दादी म्हणाली.

"जुगार नाही दादी. मी पत्ते सोडत जातो, तू हवं तिथे 'थांब' म्हण."

दादी थांब म्हणाली. तिथला पत्ता निघाला बदामाची राणी. तो परत कॅटमध्ये गेला. पुन्हा पत्ते फर्रकन सुटले, दादी यावेळी मुद्दाम उशिरा थांब म्हणाली, आणि पुन्हा बदामाची राणी. तिसऱ्यांदाही तीच. मग पोराने सगळा कॅट तिच्या डोळ्यांसमोरून सोडला, तर सगळे पत्ते वेगवेगळे! दादीने तसबीह हातात घेतली. "काही जिन्न-बिन्न तर वश केला नाहीस ना रे?" आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही.

पोराला राहवले नाही, त्याने कॅट तिच्या हातात दिला. बावन्न पत्त्यांपैकी सव्वीस बदामाच्या राण्याच होत्या. त्या इतर पत्त्यांपेक्षा जेमतेम एक-दीड मिलिमीटर आखूड कापलेल्या होत्या आणि एक साधा पत्ता, एक राणी अशा जोडीने लावलेल्या होत्या. अंगठ्याने कडेवरून पत्ते सोडले की आखूड राणी अंगठ्याला लागतच नाही. खालच्या लांब पत्त्याबरोबर ती आपोआप खाली पडते. म्हणून कुठेही थांबवा, खालच्या गठ्ठ्यावर राणीच असते. चेहऱ्याच्या बाजूने सोडले तर दिसतात ते फक्त लांब पत्ते. या कॅटला 'स्वेंगाली' म्हणतात. हे एका जुन्या इंग्रजी कादंबरीतल्या संमोहन करणाऱ्या पात्राचे नाव आहे. अमेरिकेचे बर्लिंग हल यांनी १९०९च्या सुमारास तो बाजारात आणला असे सांगितले जाते. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी तो आजही विकला जातो.

जादूगारांनी आपले भेद फोडू नयेत असा त्यांचा दंडक आहे. पण आखूड पत्ता शिकाऊंच्या पहिल्या पुस्तकातच असतो, त्यामुळे इथे सांगायला हरकत नसावी. घरी करायचे तर सव्वीस राण्यांचीही गरज नाही, एकच आखूड पत्ता पुरतो. पत्त्याच्या अरुंद बाजूची साधारण एक मिलिमीटर पट्टी कात्रीने सरळ कापायची आणि कोपरे नेलकटरने पुन्हा गोल करायचे. हा पत्ता कॅटमध्ये मधोमध ठेवायचा. समोरच्याला कुठलाही दुसरा पत्ता काढून पाहू द्यायचा. तोवर पालथ्या कॅटची कापलेली कड अंगठ्याने खालून वर सोडत जायचे. आखूड पत्त्यापाशी बारीकसा 'टक्' आवाज येतो. तिथे थांबून वरचे पत्ते उचलायचे, समोरच्याला त्याचा पत्ता खालच्या गठ्ठ्यावर ठेवायला सांगायचे आणि वरचे पत्ते पुन्हा त्यावर ठेवायचे. आता त्याला कॅट हवा तितक्या वेळा काटू द्या. फक्त पिसू देऊ नका! पुन्हा 'टक्' ऐकून वरचा गठ्ठा उचला. त्याच्या तळाशी त्याचाच पत्ता असेल. दोन दिवस हात बसवावा लागतो. भाच्याला पंधरा दिवस लागले, हे त्याच्या आईने मला हळूच सांगितले.

ज्या घरांत पत्तेच नकोत, त्यांनी कोऱ्या व्हिजिटिंग कार्डांवर अलिफपासून हरफ लिहावेत किंवा मुलांची चित्रांची कार्डे घ्यावीत. हातचलाखीला राजा-राणी लागत नाहीत. पत्त्यांविषयी आपल्या घरांत जो राग आहे तो जुगारापायी आहे आणि तो रास्तच आहे. पण पत्ते परक्यांकडूनच आले असेही नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात ममलूक काळातला एक कॅट जपलेला आहे, त्यात पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत. आपल्या सावंतवाडीचा गोल पत्त्यांचा गंजिफाही त्याच पूर्वेकडच्या घराण्यातला, नावच फारसी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना दादीने मला विचारले, "त्या राण्या सगळ्या सारख्याच होत्या ना?" आणि मग जे सांगितले ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अब्बांचे दुखणे हटेना, तेव्हा ती लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या एका जाहिरातीवरचा नंबर पाहून एका 'बाबा'कडे गेली होती. त्याने वाडग्यात घडी केलेल्या चिठ्ठ्या टाकल्या. म्हणाला, "बिस्मिल्लाह म्हणून तुमच्याच हाताने उचला, करणी कुणी केली त्याचं नाव निघेल." नावे दादीनेच आधी सांगितली होती. चिठ्ठीवर निघाले तिच्या धाकट्या जावेचे नाव. बाकीच्या चिठ्ठ्या त्याने लगेच निखाऱ्यावर टाकल्या. चौदा हजार रुपये गेले, ते एक असो. पण चिपळूणच्या एकाच घरात नांदलेल्या त्या दोघी जावा त्यानंतर एकमेकींशी बोलल्या नाहीत. अब्बांच्या जनाज्यालाही नाही.

"मी स्वतः उचलली होती ग," दादी पुन्हा पुन्हा म्हणत होती.

खरी मेख इथेच आहे. निवड माझीच होती असे वाटले की माणूस शंका घेत नाही. पोराच्या हातातला कॅट आणि त्या माणसाचे वाडगे यांत कसबाचा फरक नाही. फरक एवढाच की पोराने नंतर कॅट दादीच्या हातात दिला आणि त्या माणसाने चिठ्ठ्या जाळल्या.

आपल्या आलिमांना हे ठाऊक होते. सूरह बकराच्या १०२व्या आयतीच्या तफसीरमध्ये इब्ने कसीर यांनी इमाम राझींच्या आधारे सिहरचे आठ प्रकार दिले आहेत. त्यात हाताची सफाई आणि नजरबंदी हा प्रकार जिन्नांच्या मदतीच्या जादूपासून वेगळा मोजला आहे. फिरऔनच्या जादूगारांच्या दोऱ्या आणि काठ्या पोकळ करून त्यांत पारा भरला होता, म्हणून त्या तापताच हलू लागल्या, असे इमाम जस्सास यांच्या 'अहकामुल कुरआन'मध्ये नमूद आहे. म्हणजे तोही एक आखूड पत्ताच! आणि तेराव्या शतकात दमास्कसच्या अल-जौबरीने तर भोंदू पीर, खोटे किमयागार, नकली हकीम यांच्या युक्त्या उघड करणारे अख्खे पुस्तक लिहिले. २०२०मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आहे. घरात वाचणारे कुणी असेल तर जरूर मागवावे.

करमणुकीसाठीही हातचलाखी करावी की नाही यावर आलिमांत मतभेद आहेत. काही जण तीही नापसंत करतात, त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मौलानांना विचारावे. पण गैबचे सांगतो म्हणणाऱ्याच्या दाराशी जाण्याबद्दल मतभेद नाही. अशाला काही विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. सरकारी कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे आणि लोकांना फसवणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. तक्रार आपल्या पोलीस ठाण्यात करता येते. दादी गेली तेव्हा हा कायदा नव्हता. असता तरी ती गेली नसती, लाजेपायी. आपल्याकडे बायका फसतात त्याहून जास्त लपवतात.

भाच्याला मी दोनच अटी घातल्या. पैसे किंवा पैज लावून प्रयोग करायचा नाही आणि कुणी "हे कसं कळलं?" विचारले तर "हाताची सफाई आहे" असे आधी सांगायचे, भेद सांगितला नाही तरी चालेल. तो म्हणाला, "फुप्पी, मग मजा जाते." जात नाही. बिल्डिंगमधल्या पोरांना त्याने तसे सांगूनच प्रयोग दाखवला, तरी ती कॅट हिसकावून घ्यायला धावली.

दादीची ती जाऊ आता मुंब्र्याला असते. बकरी ईदला दादीने कुर्बानीच्या गोश्तची एक पिशवी बाजूला काढली आणि भाच्याला लोकलने तिकडे धाडले. तो संध्याकाळी परत आला तेव्हा पिशवीत एक डबा होता. दादीने तो स्वयंपाकघरात नेऊन एकटीने उघडला. काय होते ते आम्हाला सांगितले नाही.