गाण्यात करिअर: गळा घडतो कसा आणि घर चालतं कसं?

मूल चांगलं गातं. गणपतीत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात टाळ्या मिळतात. नातेवाईक म्हणतात, "गळा छान आहे हो, सोडू देऊ नका." पण तेच मूल दहावी-बारावीनंतर म्हणतं की मला गाणंच करायचंय, आणि घरात एकदम शांतता पसरते. मग कुणीतरी तो ठरलेला प्रश्न विचारतं, "गाण्यावर पोट भरतं का?"

तुमच्या घरात हा प्रश्न आला असेल किंवा येण्याच्या बेतात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही जबलपूरला राहत असाल, मुंबई-पुणे हजार किलोमीटर दूर वाटत असेल, तर जरूर वाचा. गाण्याचा पेशा कसा घडतो हे नीट समजलं, की प्रश्नच थोडा बदलतो.

ऑपेरा आणि आपलं संगीत नाटक

सुरुवात जरा लांबून करू. ऑपेरा म्हणजे गाऊन सादर केलेलं नाटक. साधारण १६०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये हा प्रकार सुरू झाला. समोर साठ-सत्तर वादकांचा ताफा, मोठं थिएटर, आणि गायकाकडे माइक नाही! तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचायला हवा.

हे जमतं कसं? नुसतं ओरडून नाही. तयार गळ्याच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपासच्या कंपनांना विशेष जोर येतो. वाद्यवृंदाचा आवाज त्या भागात कमी असतो, म्हणून गायकाचा आवाज त्यातून वाट काढून बाहेर येतो. श्वास, जबडा, जीभ, घसा यांचा मेळ बसवायला वर्षं जातात. तिकडे औपचारिक शिक्षण बहुतेक वेळा अठराच्या आसपास सुरू होतं, आणि भारदस्त भूमिकांसाठी लागणारा आवाज अनेकदा तिशीनंतरच पिकतो.

आता आपल्याकडे पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं. संवाद, पदं, अभिनय, साथ असं सगळं एकत्र आणि माइक नाही, इथेही कसोटी तीच. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, तेव्हा त्यांचं वय सतराच्या आसपास होतं. पण गोड गळा होता म्हणून काम भागलं नाही. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या मोठ्या गवयाची तालीम त्यांना मिळाली. नाटक कंपनी हीच त्या काळची शाळा होती. राहणं, जेवणं, तालीम आणि रंगमंच, सगळं एकाच छपराखाली.

गंमत म्हणजे या दोन परंपरा मुंबईत एकाच इमारतीत भेटल्या. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांनी उद्घाटन केलेल्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या रंगमंचावर बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकरही गाजले. अनेक वर्षं बंद राहिलेलं हे थिएटर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा तिथे गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ. मुंबईत जन्मलेल्या, लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकलेल्या आणि जगभरच्या ऑपेरा मंचांवर नाव कमावलेल्या या सोप्रानो गायिका.

बालगंधर्वांची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. लोकप्रियता अफाट होती. पण उंची कपडे, अत्तरं, सजावट यांवर हात सैल राहिला आणि कंपनी कर्जात बुडाली. टाळ्या आणि पैशांचा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळाइतकंच आजही खरं आहे.

तीन घरं, तीन वाटा

पहिलं घर जबलपूरचंच. पंडित अजय पोहनकर यांचा जन्म इथला. त्यांच्या आई सुशीलाबाई पोहनकर किराणा घराण्याच्या गायिका आणि संगीताच्या अभ्यासक. पहिली तालीम आईकडूनच मिळाली. लहान वयातच मोठ्या मंचांवर गाणारा मुलगा म्हणून त्यांचं नाव झालं. पुढे मुलगा अभिजित याच्यासोबत 'पिया बावरी' करून ते अगदी तरुण श्रोत्यांपर्यंतही पोहोचले. पाया घातला गेला तो घरातल्या तानपुऱ्यावर, महानगरात नव्हे.

दुसरं घर विदर्भातलं. पंडित उल्हास कशाळकर यांचे वडील पेशाने वकील आणि संगीताचे जाणकार, पहिले गुरू तेच. मग नागपूर विद्यापीठात संगीताचं पदव्युत्तर शिक्षण, पुढे राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांच्याकडे तालीम. काही वर्षं त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली. नंतर कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत ते गुरू झाले. २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. पदवी, गुरू आणि नोकरी या तिन्ही गोष्टी एकाच आयुष्यात बसल्या.

तिसरं उदाहरण जबलपूरच्या वाचकाला फार जवळचं वाटेल. आपल्या शहरात गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, व्हेईकल फॅक्टरी यांमुळे घरोघरी संरक्षण खात्यातली नोकरी ओळखीची. वसंतराव देशपांडे यांनीही अनेक वर्षं लष्करी लेखा खात्यात नोकरी केली. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक २४ डिसेंबर १९६७ रोजी आलं, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. त्यांनी उभा केलेला खाँसाहेब मराठी माणूस अजून विसरलेला नाही. फायली तपासत असतानाही त्यांनी गाणं बाजूला ठेवलं नव्हतं, म्हणून संधी आली तेव्हा गळा तयार होता.

या तिन्ही घरांत एक गोष्ट समान आहे. रियाजाची वेळ कुणीतरी जपली. कधी आईने, कधी वडिलांनी, कधी स्वतः गायकाने.

रोजच्या रियाजात काय असतं?

लांबून रियाज म्हणजे सतत तानाच, असं वाटतं. खरं तर सुरुवात होते एका स्वरापासून. तानपुरा लावून सकाळी खर्जाचे, म्हणजे खालचे स्वर शांतपणे लांबवायचे. मग अलंकार, पलटे, आणि त्यानंतर राग. हे कंटाळवाणं वाटेल, पण स्वर स्थिर व्हायचा तो इथेच.

पालकांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं. मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान फुटतो. त्या काळात उंच पट्टीचा हट्ट धरू नये. रियाज थांबवायची गरज नाही, पण तो हलका, मधल्या आणि खालच्या स्वरांत ठेवावा. स्पर्धा हुकली तरी चालेल. दुसरं, गाताना घसा दुखता कामा नये. आवाज बसला तर विश्रांती द्या, दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गायकाचं वाद्य दुकानात बदलून मिळत नाही!

रिअॅलिटी शोमधला गळा आणि मैफिलीचा गळा यांतला फरकही मुलांना समजावून सांगा. दोन मिनिटांचं गाणं पाठ करून जमतं. दीड तासाची मैफल उभी करायला दहा-बारा वर्षांचा साठा लागतो.

शिक्षणाच्या पायऱ्या

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गंधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि संगीताचं शिक्षण सामान्य घरांसाठी खुलं झालं. आज अखिल भारतीय गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देशभर होतात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आणि त्यापुढे अलंकार. शाळेबरोबर हे सहज चालतं. मात्र एक लक्षात ठेवा, प्रमाणपत्राने नोकरीचं दार उघडतं, मैफलीचं नाही. त्यासाठी गुरूसमोर बसावंच लागतं.

जबलपूरमध्ये भातखंडे संगीत महाविद्यालय आहे. पूर्ण वेळ पदवी करायची असेल तर ग्वाल्हेरचं राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ आपल्याच राज्यात आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये खैरागढचं इंदिरा कला संगीत विद्यापीठ आहे. १९५६ मध्ये तिथल्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन ते सुरू केलं. निवडक विद्यार्थ्यांसाठी कोलकात्याची आयटीसी अकादमी आहे. तिथे शिष्य गुरूंच्या सहवासात राहून शिकतात आणि त्यांना शिष्यवृत्तीही मिळते.

लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या सीसीआरटी संस्थेची कला शिष्यवृत्ती आहे, वयोगट १० ते १४. मोठ्यांसाठी संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटाची युवा कलाकार शिष्यवृत्ती आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात मात्र स्वतः वाचा.

पाश्चात्त्य संगीताचा ओढा असेल तर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षांपासून सुरुवात होते. पुढे गोव्याची कला अकादमी आणि चेन्नईचं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी हे पर्याय आहेत. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. ऑपेरा गायचा तर इटालियन, जर्मन, फ्रेंच उच्चारही शिकावे लागतात. ही वाट लांब आणि खर्चिक आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

मग घर चालतं कसं?

खरं सांगायचं तर फक्त मैफिलींच्या बिदागीवर जगणारे कलाकार थोडे. बहुतेकांचं घर तीन-चार छोट्या मिळकतींवर चालतं.

• शिकवणं: घरचे वर्ग, ऑनलाइन शिकवण्या, शाळेतली नोकरी. केंद्रीय विद्यालयांत संगीत शिक्षकाची पदं असतात.

• आकाशवाणी: जबलपूरला केंद्र आहे. स्वरचाचणी देऊन 'बी', 'बी हाय', 'ए', 'टॉप' अशा श्रेणी मिळतात. मानधनाइतकीच ही श्रेणी कलाकाराची ओळख म्हणून उपयोगी पडते.

• साथसंगत: तबला, हार्मोनियम, व्हायोलिन चांगलं वाजवणाऱ्याला गायकापेक्षा जास्त बोलावणी येतात.

• लष्करी बँड: जबलपूरला ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्सची केंद्रं आहेत. लष्करी वादकांचं प्रशिक्षण पचमढीला होतं, आपल्यापासून फार लांब नाही. नौदल आणि हवाई दलही वादकांची भरती करतात. पगार ठरलेला आणि काम संगीताचं.

• स्टुडिओ: पार्श्वगायन, जाहिराती, ध्वनिमुद्रण, संगीत संयोजन.

एकत्र वाजवून उभं राहण्याची परंपराही आपल्या शेजारीच आहे. जबलपूर-सतना रेल्वेमार्गावरच्या मैहरमध्ये उस्ताद अलाउद्दीन खाँ यांनी साथीत अनाथ झालेल्या मुलांना शिकवून मैहर बँड उभा केला. त्यात व्हायोलिन, चेलोबरोबर बंदुकीच्या नळ्यांपासून बनवलेलं नलतरंगही आहे. ज्यांच्या पाठीशी कुणी नव्हतं, त्या मुलांना वाद्याने आधार दिला.

घरात बसून काय ठरवाल?

"गाणं की नोकरी?" हा प्रश्न अठराव्या वर्षी सोडवायला बसू नका. त्या वयात गळाच पुरता तयार नसतो, निकाल कसा लावणार? त्याऐवजी विचारा, पुढची दहा वर्षं रोजचे दोन तास कसे वाचवायचे?

• कॉलेज निवडताना येण्या-जाण्याचा वेळ मोजा. घराजवळचं साधं कॉलेज गाण्यासाठी जास्त फायद्याचं ठरू शकतं.

• एकच गुरू निवडा आणि निदान तीन वर्षं टिकून राहा. दर सहा महिन्यांनी क्लास बदलू नका.

• विशारदपर्यंतच्या परीक्षा शिक्षणासोबत पूर्ण करा.

• मुलाला हिशेब ठेवायला शिकवा. पहिल्या कार्यक्रमाचे पाचशे रुपयेही वहीत लिहू द्या.

• मुलीच्या बाबतीत लग्नाची बोलणी सुरू झाली, तर रियाजाचा विषय पहिल्याच भेटीत काढा. "नंतर बघू" म्हटलं की बहुतेक वेळा तानपुरा माळ्यावर जातो.

आणि दहा वर्षांनी मूल मंचावर दिसलं नाही तर? ते कदाचित एखाद्या शाळेत पन्नास मुलांना सूर लावायला शिकवत असेल, नाहीतर ऑफिसातून आल्यावर दार लावून यमन आळवत असेल. तोही गाणाऱ्याचाच संसार आहे. निर्णय काहीही होवो, उद्या सकाळचे दोन तास तेवढे राखून ठेवा.