विहिरींतील बुडी आणि समुद्राचा तळ

उन्हाळ्याची सुटी लागली कीं अवसरी खुर्दसारख्या गांवांत मुलांचे पाय आपोआप विहिरीकडे वळतात. पाठीस सुकलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून हातपाय मारावयास शिकावें, मग तो सोडून द्यावा, पुढें काठावरून मुटका मारावा, आणि शेवटीं तळचा दगड वर आणून दाखवावा, असा आमच्याकडील पोहण्याच्या विद्येचा क्रम आहे. ज्यानें दगड आणला तो आपणांस पाण्याचा राजा समजतो. असा एखादा राजा आईबापांबरोबर मालवणास जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ त्याच्या डोळ्यांवर कांचेचा मुखवटा चढवितात व तोंडांत एक वांकडी नळी देतात. पाण्यावर पालथें पडून तळ पाहण्याच्या या क्रीडेस स्नॉर्केलिंग असें म्हणतात. येथें मात्र राजेसाहेबांची त्रेधा उडते! विहिरीनें शिकविलेल्यांपैकीं काय समुद्रावर उपयोगी पडतें आणि काय विसरावें लागतें, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम मुखवट्याविषयीं. पाण्यांत उघडे डोळे ठेवले तर सर्व धूसर दिसतें, हा सर्वांचा अनुभव आहे. प्रकाशाचे किरण हवेंतून डोळ्याच्या पडद्यावर पडतांना वळतात, म्हणून आपणांस स्पष्ट दिसतें. पाण्यांतून येतांना ते फारसे वळत नाहींत. मुखवटा डोळ्यांपुढें हवेचा थर राखतो व दृष्टि पूर्ववत् होते. मात्र प्रत्येक वस्तु आहे त्यापेक्षां सुमारें पावपट जवळ भासते, म्हणून नवशिक्याचा हात शिंपल्याच्या अलीकडेच थांबतो. मुखवट्यांत नाकही झांकलेलें असावें. खालीं जातांना आंतील हवा दबते व मुखवटा चेहऱ्यास ओढूं लागतो. नाकानें किंचित् हवा सोडली म्हणजे तो सैल पडतो. पोहण्याचा साधा चष्मा बुडीच्या कामाचा नाहीं, तो याच कारणानें.

आतां नळीविषयीं. ती हातभराहून आंखूड कां? लांब वेळूची नळी घेऊन तळाशीं बसतां येणार नाहीं काय? असा प्रश्न हुशार मुलें हटकून विचारतात. उत्तर सोप्या गणितांत आहे. १ मीटर खोलीवर पाण्याचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम असतो. छातीचा विस्तार १००० चौरस सेंटिमीटर धरिला, तर तिच्यावर १०० किलोग्रॅम भार पडतो. धान्याचें क्विंटलभर पोतें छातीवर ठेवून श्वास कोण घेईल? शिवाय लांब नळींत सोडलेलीच हवा पुन्हां आंत येते. म्हणून पृष्ठभागावर राहून, सावकाश व खोल श्वास घ्यावा, हाच या नळीचा नियम होय.

दोन पुरुष पाण्याखालीं गेल्यावर कान दुखतात, तेंही या दाबामुळेंच. नाक चिमटींत धरून हलकेच फुंकावें, म्हणजे घशांतून कानाकडे जाणारी वाट उघडते. हें दुखण्यापूर्वींच करावें. न साधल्यास वर यावें. पडसें झालें असतां बुडी मारूंच नये.

थंड पाण्याची गोष्ट निराळी. मालवणचा समुद्र ऊबदार असतो. परंतु पौषांत पहाटे घोड नदींत उतरणारास गारठ्याची ओळख असते. पाणी शरीराची ऊब हवेपेक्षां सुमारें पंचवीसपट वेगानें हिरावून घेतें. गार पाण्यांत एकदम उडी घातली कीं आपल्या इच्छेविरुद्ध मोठा उसासा येतो, आणि तोंड त्या क्षणीं पाण्याखालीं असेल तर पाणीच आंत जातें. हा झटका एकदोन मिनिटांत ओसरतो. म्हणून तेथें मुटका विसरावा. पायरीपायरीनें उतरावें, तोंडावर पाणी मारावें, आणि श्वास शांत झाल्यावरच पुढें जावें.

याचें उत्तम उदाहरण कोरियांतील जेजू बेटावरील ‘हेन्यो’ स्त्रियांचें आहे. हवेचें कोणतेंही यंत्र न घेतां त्या किनाऱ्यालगतच्या थंड पाण्यांत सुमारें १० मीटरपर्यंत बुड्या मारून शिंपले व समुद्रवनस्पती काढतात. १९७० नंतरच्या दशकांत रबरी पोशाख येईपर्यंत त्या साध्या सुती वस्त्रांतच उतरत. २०१६ सालीं युनेस्कोनें त्यांच्या परंपरेस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. वर येतांच त्या शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात. आणि विशेष हें कीं, त्या एकट्या जात नाहींत.

हें शेवटचें वाक्य आम्ही पालकांच्या व मुलांच्या मनावर विशेष बिंबवूं इच्छितों. ‘पाण्याखालीं कोण अधिक वेळ राहतो’ ही पैज विहिरीवर नेहमीं लागते. जिंकण्यासाठीं मुलें आधीं भराभर श्वास घेतात. त्यामुळें प्राणवायूचा सांठा फारसा वाढत नाहीं; केवळ कर्बवायु बाहेर जातो. श्वास घेण्याची तळमळ प्रामुख्यानें या कर्बवायूच्या वाढीनें होते. तो कमी झाला कीं तळमळ उशिरां होते, आणि तिच्या आधींच प्राणवायु संपून मूल बेशुद्ध पडतें. ओरडणें नाहीं, धडपड नाहीं. काठावरच्यांस वाटतें, पैज अजून चालू आहे. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. यास्तव पैज लावूं नये, भराभर श्वास घेऊं नये, आणि एक खालीं गेला असतां दुसऱ्यानें वर राहून त्याच्यावरून दृष्टि काढूं नये.

मालवणास जाणारांस आणखी दोन सूचना. पावसाळ्यांत समुद्रांत उतरूं नये. इतर वेळींही तरंगण्याचें जाकीट घालून जाणत्या वाटाड्यासह जावें. तेथील कांहीं भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. पोवळ्यांचे खडक निर्जीव दगड नसून सूक्ष्म जीवांच्या वसाहती आहेत. त्यांवर पाय देऊं नये, कांहीं तोडूं नये. विहिरीचा दगड वर आणणें ही बहादुरी खरी. समुद्राचा दगड जागच्या जागीं ठेवणें हा शहाणपणा होय.

विहीर आपणांस धैर्य देते, तें कोणीं टाकूं नये. त्यास संयमाची व सोबत्याची जोड द्यावी, म्हणजे परमेश्वरानें पाण्याखालीं मांडलेलें वैभव डोळे भरून पाहतां येईल, आणि तें घरीं येऊन आईस सांगतांही येईल.