तोल सुटण्याचे झटके आणि फिट्सवरचे एक जुने औषध

एरवी ठणठणीत असलेला मुलगा अचानक झोकांड्या खाऊ लागतो. बोलणे अडखळते, चक्कर येते, मळमळते, बुबुळे आपोआप हलू लागतात. काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनी, सारे आपोआप थांबते. अशा वेळी घरचे लोक व्यसनाचा संशय घेतात किंवा अंगारे-धुपारे करतात. प्रत्यक्षात हा आनुवंशिक आजार असू शकतो. त्याला 'एपिसोडिक ॲटॅक्सिया, प्रकार २' असे म्हणतात.

आजार कशामुळे होतो?

शरीराचा तोल व हालचालींतील मेळ राखण्याचे काम लहान मेंदू करतो. त्यातील पेशींच्या आवरणात कॅल्शियम आत येण्याचे सूक्ष्म मार्ग असतात. हे मार्ग घडवणाऱ्या, १९ व्या गुणसूत्रावरील एका जनुकात दोष असल्यास हा आजार होतो, हे १९९६ साली सिद्ध झाले. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. झटके बहुधा बालपणी वा किशोरवयात सुरू होतात. अतिश्रम, मानसिक ताण, मद्य यांमुळे ते उद्भवतात.

औषधाचा उपयोग

ॲसिटाझोलामाइड हे औषध १९५० च्या दशकापासून फिट्स आणि काचबिंदू यांसाठी वापरले जाते. १९७८ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ग्रिग्ज व सहकाऱ्यांनी ते अशा आनुवंशिक झटक्यांवर गुणकारी असल्याचे दाखवले. शरीरातील आम्ल-अल्कलीचे प्रमाण बदलल्याने पेशींचे कार्य स्थिरावते, असे मानले जाते. पुढे जर्मनीत ३० रुग्णांना खरे औषध व औषध नसलेली गोळी आळीपाळीने देऊन पाहण्यात आले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ॲसिटाझोलामाइडमुळे झटके जवळपास निम्म्यावर आले. फॅम्प्रिडिन या दुसऱ्या औषधानेही झटके कमी झाले व त्याचा त्रास कमी जाणवला.

सावधगिरी

या औषधाने मूळ दोष जात नाही. फक्त झटके आटोक्यात राहतात. बोटांना मुंग्या येणे, थकवा, तोंडाची चव बदलणे, मूतखडा होणे असे त्रास संभवतात. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. तोल जाण्याचे इतर अनेक आनुवंशिक आजार हळूहळू वाढत जातात. त्यांना हेच औषध लागू पडेल असे नाही. म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी पाहून गोळ्या घेऊ नयेत.

असे झटके येत असल्यास तारीख, वेळ, कालावधी व आधी काय घडले याची नोंद ठेवावी. झटका चालू असताना मोबाइलवर चित्रण करावे. आजोबा, आत्या, मामा यांपैकी कुणाला असा त्रास होता का, हेही विचारून ठेवावे. मेंदूविकारतज्ज्ञांना अचूक निदान करण्यास ही माहिती फार उपयोगी पडते. निदान बरोबर झाले, तर वर्षानुवर्षे 'नाटकी' वा 'व्यसनी' ठरवलेल्या रुग्णाला साध्या गोळीने दिलासा मिळू शकतो.