नऊ घोट आणि एक चुकलेला प्रश्न

विषय लग्नाचा असो, सणाचा असो की अंत्यविधीचा, पीएचडीच्या प्रपोजलमध्ये एक प्रश्न आपसूक येऊन बसतो: "आधुनिक लोकांनी परंपरेत किती बदल केला?" माझ्या पहिल्या खर्ड्यातही तोच होता. गाइडनी त्यातल्या 'परंपरेत' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात दोनच शब्द लिहिले: "कोणत्या सालची?" आजची पोस्ट त्या गोलाबद्दल आहे. तुम्ही सध्या प्रपोजल लिहीत असाल, तर माझे वाया गेलेले दोन महिने तरी वाचतील.

माझा विधी जपानमधला, 'सान-सान-कुदो'. शब्दशः 'तीन-तीन, नऊ वेळा'. एकावर एक ठेवलेले तीन उथळ, बशीसारखे पसरट पेले असतात: लहान, मधला, मोठा. त्यात साके, म्हणजे तांदळाचं मद्य ओततात. वर आणि वधू एकाच पेल्यातून आळीपाळीने पितात, प्रत्येक पेला तीन घोटांत. सविस्तर पद्धतीत लहान पेला वर-वधू-वर असा फिरतो, मधला वधू-वर-वधू आणि मोठा पुन्हा वर-वधू-वर. आज बऱ्याच ठिकाणी याची छोटी आवृत्ती चालते. पहिल्या दोन घोटांना ओठ नुसते टेकवायचे आणि तिसऱ्याला प्यायचं, ही तर सर्रास पद्धत. शिंतो मंदिरात ओतण्याचं काम 'मिको', म्हणजे लाल-पांढऱ्या पोशाखातली मंदिरसेविका करते.

आजची जोडपी यात बरंच काही आपलंसं करतात. दोघांच्या गावची साके आणतात. मिकोऐवजी बहिणीला किंवा मैत्रिणीला ओतायला सांगतात. मद्य नको असेल तर नुसते ओठ टेकवतात किंवा पेय बदलतात. आपण पटकन वहीत लिहितो: "परंपरा सैल होत आहे." थांबा. इथेच चूक होते.

आधी तारीख विचारा

शिंतो मंदिरातलं लग्न बघताना वाटतं, हे हजार वर्षं असंच चालत आलं असणार. प्रत्यक्षात या स्वरूपातल्या लग्नाचा प्रसार झाला तो 1900 नंतर. त्या वर्षी मे महिन्यात युवराज योशिहितो (पुढचे सम्राट ताइशो) यांचा विवाह राजवाड्यातल्या देवस्थानासमोर झाला. त्याच्या धर्तीवर तोक्योतल्या हिबिया दाइजिंगू या मंदिराने सामान्य लोकांसाठी विधी बसवला. हेच आजचं तोक्यो दाइजिंगू. त्याआधी लग्नं मुख्यतः घरात व्हायची, आणि त्यांना पुरोहित लागायचाच असं नव्हतं.

म्हणजे सान-सान-कुदोही 1900 चं का? नाही. पेल्यांची ही देवघेव त्याहून कितीतरी जुनी. तिची मुळं सामुराई घराण्यांच्या शिष्टाचारात आहेत. तिथे तीन पेल्यांनी पाहुण्याचं स्वागत व्हायचं, नातं पक्कं व्हायचं. ती लग्नात आली, घरातल्या लग्नात रुळली आणि मग विसाव्या शतकात मंदिरातल्या नव्या विधीत जाऊन बसली.

आता बघा काय झालं. पेले जुने, जागा नवी, मिकोच्या हातून ओतणं त्या नव्या जागेसोबत आलेलं. तिथेच होणारी अंगठ्यांची देवघेव तर पाश्चात्त्य लग्नातून आलेली. एकाच अर्ध्या तासात वेगवेगळ्या वयाच्या गोष्टी आहेत. मग मैत्रिणीने साके ओतली, तर नेमकी कोणती परंपरा मोडली? घरातल्या लग्नात तरी मिको कुठे होती!

एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या 1983 च्या पुस्तकामुळे 'रचलेली परंपरा' ही कल्पना सगळीकडे पोचली. पण जपून वापरा. "ही परंपरा खोटी आहे" असं सिद्ध करायला ती नाही. 1900 नंतर रुळलेल्या विधीत डोळे भरून येणाऱ्या आईचे अश्रू काही खोटे नसतात.

मग विधीचे तुकडे करा

गाइडच्या त्या दोन शब्दांनंतर मी विधीचे भाग पाडले: वस्तू, पेय, संख्या, क्रम, ओतणारा, जागा, सांगितला जाणारा अर्थ. प्रत्येक भागासमोर लिहिलं: हा कधीपासून? कोण बदलतं? कोणाला विचारून?

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पेय बदललं तर फारसं कोणी हरकत घेत नाही. गरोदर वधूने ओठ टेकवले की पुरतं. आणि कायद्याचीही गंमत आहे. एप्रिल 2022 पासून जपानमध्ये मुलगा असो वा मुलगी, लग्नाचं किमान वय 18 आहे, पण मद्यपानाचं मात्र 20 च राहिलं. म्हणजे 18 वर्षांची वधू कायद्याने लग्न करू शकते, त्याच लग्नातली साके मात्र पिऊ शकत नाही! तरी विधी अडत नाही.

तीन ही संख्याही सहसा सुटत नाही, तिचा अर्थ मात्र कमालीचा सैल. कोणी म्हणतं तीन पेले म्हणजे आकाश, पृथ्वी, माणूस. कोणी म्हणतं भूत, वर्तमान, भविष्य. कोणी सांगतं, विषम संख्येचे दोन समान भाग होत नाहीत, म्हणून ती लग्नाला शुभ. 'खरा अर्थ कोणता' हे शोधत बसू नका. कोण, कुठे, कोणता अर्थ सांगतं, हाच तुमचा डेटा.

आणि क्रम? पहिला पेला कोणाच्या हातात? सर्वांत कमी चर्चा याचीच, आणि मला वाटतं सर्वांत जास्त अर्थ यातच. साके कुठल्या गावची हे ठरवणं म्हणजे आवडीनिवडीचा प्रश्न. पहिला घोट वधूने घेणं म्हणजे घरात आधी कोण, हा प्रश्न. दोन स्त्रियांनी हा विधी करायचा ठरवला, तर 'वर आधी' हा नियम लावताच येत नाही; क्रम ठरवण्यासाठी बोलावंच लागतं. जपानमध्ये समलिंगी विवाहाला राष्ट्रीय कायद्याची मान्यता नाही. पण तिथे कोणत्याही जोडप्याचं लग्न कायद्याने होतं ते कचेरीत नोंद केल्याने, समारंभाने नव्हे. त्यामुळे समारंभ कोणालाही करता येतो, आणि म्हणूनच त्यातला प्रत्येक बदल हा निवडलेला असतो.

'आपण ठरवलं' म्हणजे कोणी?

शेवटचा सापळा. जोडपं इंटरव्ह्यूत म्हणतं, "आम्ही आमच्या पद्धतीने केलं." ते खरं बोलत असतात. पण लग्नाचे हॉल 'तुमच्या पद्धतीचं लग्न' हेही पॅकेज म्हणून विकतात. वॉल्टर एडवर्ड्स यांचं 1989 चं आणि ओफ्रा गोल्डस्टाइन-गिदोनी यांचं 1997 चं पुस्तक यासाठी जरूर वाचा. दोघांनीही विधीकडे बघताना लग्नाच्या व्यवसायाकडेही बघितलं. म्हणून जोडप्याला "का केलं?" एवढंच विचारू नका. "हे पहिल्यांदा कोणी सुचवलं? काय करायचं होतं आणि राहून गेलं? कोण नाही म्हणालं?" असंही विचारा. नाकारलेल्या बदलांतून झालेल्या बदलांपेक्षा जास्त कळतं.

माझा प्रश्न आता असा आहे: "सान-सान-कुदोचा कोणता भाग कोणाच्या संमतीने बदलतो, आणि कोणता भाग बदलायचं कोणाला सुचतही नाही?" लांबलचक आहे, मान्य. पण याचं उत्तर चुकू शकतं, म्हणजे तो तपासता येतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला फील्डवर जाण्याआधीच माहीत होतं.

तुमच्या प्रपोजलमधला 'परंपरा' हा शब्द शोधा. त्याभोवती पेन्सिलीने गोल काढा आणि समासात साल लिहून बघा. लिहिता आलं नाही, तर तुमचं पुढच्या आठवड्याचं काम ठरलं.